दात पडलेल्या कुत्र्याचा आहार

हे सदर माणसांच्या आरोग्याचे आणि मी माणसांचा डॉक्टर. तरीही रक्तदाब तपासून झाला की काही पेशंट हळूच विचारतात, "डॉक्टर, आमच्या मोत्याचे दात पडलेत, भाकरीला तोंड लावत नाही. काय घालावे?" प्रश्न मुक्या जनावराचा असला तरी त्यात घरच्या माणसांच्या जिवाशी निगडित एक गोष्ट आहे. म्हणून आजचा लेख.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत ते पडून ४२ पक्के दात येतात. त्यामुळे पिल्लाचे दात पडू लागले तर घाबरू नये. मोठ्या कुत्र्याचे दात मात्र बहुधा हिरड्यांच्या रोगाने पडतात. दातांवर पिवळट कीट साचते, हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. टणक हाडे चावताना दात तुटतात, ते वेगळेच.

दात गेले म्हणजे कुत्रा उपाशी मरेल असे नाही. आपल्याला घास नीट चावावा लागतो. आपल्या लाळेतच भाकरीतील पिष्ट पचवायला सुरुवात होते. कुत्र्याच्या लाळेत तो पाचक रस जवळजवळ नसतो आणि त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. तो दातांनी तुकडा तोडतो आणि गिळतो. पचन पुढे पोटात होते. म्हणजे तोडण्याचे काम आपण हाताने करून दिले की निम्मी अडचण दूर होते.

काय व कसे द्यावे?

भाकरी किंवा पोळी कुस्करून कोमट पाण्यात अथवा साध्या वरणात भिजवावी. वरणाला फोडणी, कांदा, लसूण, तिखट नको. मऊ भात, उकडलेला भोपळा, कुस्करलेले उकडलेले अंडे, थोडे ताजे दही चालते. मांसाहारी घरात चिकन उकडून, सगळी हाडे काढून, बारीक करून घालावे. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्र्याला ठेवू नये. त्याला प्रथिने लागतात, शिवाय दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते. विकतचे कोरडे खाद्य देत असाल तर ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून मऊ करावे.

एकदम पोटभर घालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. अन्न गरम नसावे, आधी बोट लावून पाहावे. भिजवलेले अन्न, विशेषतः उन्हाळ्यात, लवकर आंबते. उरलेले टाकून भांडे धुवावे. पाणी सदैव जवळ असावे.

महिन्यातून एकदा वजन पाहावे. आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग त्याला उचलून घेऊन. फरक येईल ते त्याचे वजन. ते उतरत चालले असेल तर कारण केवळ दातांचे नसते. पशुवैद्यांना दाखवा.

काय देऊ नये?

शिजवलेली हाडे कधीही नकोत. त्यांच्या अणकुचीदार काड्या होतात व घशात किंवा आतड्यात रुततात. दात नसलेला कुत्रा तर हाड तसेच गिळू पाहतो. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे व बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही विषारी आहे.

दात दुखतो म्हणून घरातील गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या नेहमीच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. एका बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, तोंडाला घाण वास, डोळ्याखाली सूज ही दातांच्या दुखण्याची लक्षणे आहेत. डोळ्याखालची सूज पुष्कळदा वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याने येते. त्यावर हळद-चुन्याचा लेप लावून उपयोग नाही. तो दात काढावा लागतो.

तोंडात हात घालण्यापूर्वी

आता सर्वांत महत्त्वाचे. कुत्रा अचानक खायचा थांबला, लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असे दिसले की घरातील माणसे म्हणतात, "हाड अडकले असेल" किंवा "दात दुखत असेल", आणि तोंडात हात घालतात. हीच लक्षणे रेबीजचीही असतात. पिसाळलेला कुत्रा दर वेळी अंगावर धावून येतोच असे नाही. काही कुत्री कोपऱ्यात निपचित पडून राहतात.

"त्याला दातच नाहीत, तो काय चावणार?" हा समज घातक आहे. रोगाचे विषाणू दातांत नसतात, लाळेत असतात. बोटावरील साधी चीर, ओरखडा, डोळा किंवा ओठ यांना लाळ लागली तरी धोका आहे. अशा कुत्र्याला दुरूनच बंदिस्त करा, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

लाळ लागलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात यावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता लस दंडात देतात, थोड्याच मात्रा लागतात आणि ती सरकारी रुग्णालयातही मिळते. जखम असेल तर लशीबरोबर प्रतिविषाचे इंजेक्शनही लागते. सांगितलेल्या तारखा चुकवू नयेत, कारण रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्रा तरुण असो वा म्हातारा, त्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या आणि कार्ड जपून ठेवा. ज्याने दहा-बारा वर्षे दार राखले, त्याला म्हातारपणी मऊ घास घालणे आपले कर्तव्यच आहे. तो घास थाळीत द्या, हाताने भरवू नका.