पाणी कोणाचे?

विहीर एकाच्या शेतात असते. परंतु तिच्यात झिरपणारे पाणी कोणाच्या मालकीचे? १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे हाल पाहून विलासराव साळुंखे या अभियंत्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. नायगाव येथे देवस्थानची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे व जिरविण्याचे प्रयोग केले. त्यांतूनच ‘पाणी पंचायत’ आकारास आली.

तिचे नियम साधे, पण कठोर होते. पाण्याचा वाटा जमिनीवरून नव्हे, तर घरातील माणसांवरून ठरे : दरडोई अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला जाई. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क विकता येत नसे. उसाला मनाई होती. कारण एकाच्या उसात अनेकांची ज्वारी बुडाली असती. योजनेच्या खर्चाचा २० टक्के भार लाभधारकांनी उचलायचा असे.

मोठ्या शेतकऱ्याला हे नियम जाचक वाटणे स्वाभाविक होते. परंतु पाणी थोडे असते, तेव्हा कोणीतरी आपला हात आखडता घेतल्याशिवाय ते सर्वांना पुरत नाही.

विचार करा : तुमच्या गावात हे नियम लागू झाले, तर कोणता नियम पाळणे सर्वांत कठीण जाईल? का?