जमीनविक्री, आयकर आणि नमुना बारा

जुळे सोलापुरात जेथे सांप्रत घरांच्या ओळी दिसतात, तेथे पूर्वी रब्बी ज्वारी उभी असे. १९९२ च्या हद्दवाढीने हा भाग महानगरपालिकेत आला. उरलेले तुकडे विकणाऱ्या पुष्कळ बंधूंची समजूत अशी की, शेतीचे उत्पन्न करमुक्त, तेव्हा शेतजमिनीची विक्रीही करमुक्त. ही समजूत खरी नव्हे.

पिकाचे उत्पन्न आणि जमीन विकून झालेला नफा या भिन्न गोष्टी होत. शहराच्या हद्दीतील शेतजमिनीस आयकर कायदा भांडवली मालमत्ता मानतो. २०११ च्या गणतीत सोलापूरची वस्ती ९,५१,५५८ होती. एक ते दहा लक्ष वस्तीच्या शहराबाहेर सरळ रेषेत ६ किलोमीटरपर्यंतची जमीनही त्यातच मोडते.

तथापि कायद्याने सवलत ठेविली आहे. विक्रीपूर्वीची लगतची २ वर्षे जमीन स्वतः वा आईवडिलांनी कसलेली असावी, आणि विक्रीनंतर २ वर्षांत दुसरी शेतजमीन खरेदी करावी. १९६१ च्या कायद्यातील कलम ५४-ब ची ही सवलत २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. समजा, नफा ४० लक्ष रुपये ठरला व नवी जमीन २५ लक्षांस घेतली, तर कर १५ लक्षांवरच बसतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी न झाल्यास ती रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवावी. साध्या बचत खात्यात ठेवून भागत नाही. नवी जमीन ३ वर्षांच्या आत विकल्यास सवलतीचा लाभ जातो.

आता दप्तराची गोष्ट. सातबारा म्हणजे दोन नमुने : सातात मालकी, बारात पीक. आमच्या नोकरीच्या काळात मालकीच्या नोंदीसाठी लोक खेटे घालीत, पीकपाहणीकडे मात्र कोणी पाहात नसे. एका गृहस्थांनी दरसाल ज्वारी काढली, परंतु बारावर ‘पड’ असेच राहिले. विक्रीनंतर जमीन कसल्याचा पुरावा मागण्यात आला, तेव्हा बियाण्याच्या पावत्या व अडत्याच्या हिशेबपट्ट्या शोधीत त्यांना वणवण करावी लागली.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची आहे. म्हणून प्रत्येक हंगामी ती करावी, उतारा काढून वाचावा व पावत्या जपाव्यात. सौदा ठरल्यावर कर सल्लागार मिळतो. गेलेल्या हंगामाची नोंद मात्र मिळत नाही.