आभासी कमाई : व्यापार की लबाडी?

संगणकीय खेळ आणि बँकव्यवसाय यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि २००९ च्या मध्यास ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातील एका बँकेवर आपापल्या ठेवी काढून घेण्यासाठी ठेवीदारांनी रीघ लावली आणि ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. खेळात मिळणारी घसघशीत कमाई कोठवर चातुर्य आणि कोठून पुढे लबाडी, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच आढळेल.

आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने २००३ साली हा खेळ सुरू केला. अंतराळातील एका काल्पनिक विश्वात हजारो खेळाडू एकाच वेळी खाणकाम, उत्पादन, मालवाहतूक आणि युद्ध करतात. तेथील चलनाचे नाव ‘इस्क’. योगायोग नव्हे, पण आइसलँडच्या क्रोना या खऱ्या चलनाचे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त रूपही हेच आहे. बाजारभाव कंपनी ठरवीत नाही. ते मागणी-पुरवठ्यानुसार चढतात व उतरतात. ही अर्थव्यवस्था एवढी विस्तारली की, २००७ साली कंपनीने तिच्या अभ्यासासाठी एका अर्थतज्ज्ञाची नेमणूक केली.

या विश्वात दूरच्या तळावर स्वस्तात खनिज घेऊन ते ‘जिता’ या मुख्य बाजारपेठेत चढ्या भावाने विकणारे पुष्कळ आहेत. युद्धाची चाहूल लागताच दारूगोळ्याचा साठा करणारेही आहेत. नवख्या खेळाडूस ही नफेखोरी वाटते. परंतु बाजार सर्वांस खुला आहे, भाव सर्वांस दिसतात आणि माल वाटेत लुटला जाण्याची जोखीम व्यापाऱ्याने स्वतः पत्करलेली असते. केवळ नफा मोठा म्हणून त्यास फसवणूक ठरविता येणार नाही.

डिसेंबर २००८ मध्ये उजेडात आलेला प्रकार मात्र निराळा होता. चंद्रांभोवतीच्या तळांवरील काही प्रक्रियायंत्रे संगणकप्रणालीतील दोषामुळे कच्चा माल न घालताही मौल्यवान पक्का माल देत होती. काही खेळाडूंनी या दोषाचा लाभ गुपचूप घेतला. चौकशीअंती कंपनीने संबंधितांची खाती बंद केली. ‘यंत्रच देत होते, आम्ही काय मोडले?’ असा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. एटीएममधून मागितल्यापेक्षा अधिक नोटा बाहेर आल्या, तर त्या ग्राहकाच्या होतात काय? शिवाय फुकटात निर्माण झालेला माल बाजारात उतरला, की तोच माल कष्टाने तयार करणाऱ्यांना भाव कमी मिळतो आणि त्याचे कारणही त्यांना कळत नाही. लाभाची वाट इतरांपासून लपवावी लागते, यातच तिचे स्वरूप स्पष्ट होते.

आता त्या बँकेकडे वळू. ‘ईबँक’ ही कंपनीची नव्हे, तर खेळाडूंनीच चालविलेली संस्था होती. ठेवी स्वीकाराव्या, व्याज द्यावे, कर्जे द्यावीत, असा तिचा रीतसर कारभार चाले. तिच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इस्क काढून घेतले आणि परस्पर विकून सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळविले. घरासाठी द्यावयाची अनामत आणि मुलाचा औषधोपचार यांकरिता ती रक्कम वापरल्याचे त्याने नंतर सांगितले. कंपनीने त्याचे खाते बंद केले, पण ठेवींच्या अपहाराबद्दल नव्हे! अपहार, हेरगिरी, विश्वासघात हे या खेळात चालतात. २००६ साली दुसऱ्या एका खेळाडूने अशीच बँक काढून ७०० अब्जांहून अधिक इस्क गिळंकृत केले, तेव्हा कंपनीने त्यास शिक्षा केली नव्हती. ईबँकेच्या प्रमुखाचा गुन्हा एवढाच, की त्याने खेळातले चलन खऱ्या पैशास विकले.

बँक कर्मचाऱ्यास हा न्याय उफराटा वाटेल, आणि तसे वाटणे योग्यच आहे. ठेवीदाराचा विश्वास मोडणे हे नियमपुस्तिकेत बसले, तरी दुष्कृत्यच होय. मात्र कंपनीच्या दृष्टीने विक्रीवरील बंदीला सबळ कारण होते. खऱ्या पैशाची आशा निर्माण झाली, की खेळणाऱ्यांऐवजी स्वयंचलित प्रणाली रात्रंदिवस खनिज खणू लागतात आणि इतरांची खाती चोरून रिकामी केली जातात. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने अशी सहा हजारांहून अधिक खाती एकाच मोहिमेत बंद केली, तेव्हा तिच्या संगणकयंत्रणेवरील भार सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. एकूण खेळाडूंच्या मानाने ही खाती किती थोडी होती, हे लक्षात घेता तो आकडा चकित करणारा आहे.

कंपनीने पैशाला सर्वस्वी मज्जाव केला, असेही नाही. २००८ पासून ‘प्लेक्स’ विकत घेऊन तो खेळातील बाजारात इस्कच्या मोबदल्यात विकता येतो. म्हणजे पैसा आत येण्याचे दार उघडे, बाहेर जाण्याचे बंद. श्रीमंत खेळाडूस यामुळे सवलत मिळते, ही तक्रार रास्त आहे. पण ती सवलत जाहीर आहे आणि खेळात प्रवेश करतानाच तिची कल्पना असते.

भारतात २०२५ साली संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व विनियमन कायद्यातही या बाहेरच्या दारालाच महत्त्व आहे. केवळ खेळण्यासाठी वर्गणी भरणे त्यात निषिद्ध नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असलेले खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध आहेत. पैशात रूपांतरित होऊ शकणारी आभासी नाणी आणि टोकनेही पणाच्या व्याख्येत समाविष्ट केलेली आहेत. अशा खेळांचे आर्थिक व्यवहार पार पाडण्यास कायद्याने बँकांना मनाई केली असून त्याच्या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे अमुक खेळाच्या खात्यात भरलेली रक्कम वर्गणी होती की पण, हा प्रश्न यापुढे खेळाडूइतकाच त्याच्या बँकेलाही पडणार आहे.