वृद्धाश्रमाच्या भिंतीवरचा कागद

पुलगावात लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेल्यांच्या किती तरी घरांत आता दोन म्हातारी माणसंच राहतात; मुलं नागपूर-पुण्याला. त्यामुळे ‘चांगला वृद्धाश्रम सांगा ना’ अशी विचारणा माझ्याकडे होत असते. मी नाव सांगत नाही, काय तपासायचं ते सांगते.

आत्याला पक्षाघात झाल्यावर आम्ही तिला एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. अंगण स्वच्छ, व्यवस्थापक गोड बोलणारे, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र. काही महिन्यांनी मी स्वतः तिला अंघोळ घालायला गेले, तर कमरेखाली बेडसोर झालेला, पार खोल गेलेला. रात्री कूस बदलून द्यायला कुणी नव्हतं. रात्रपाळीला एकच बाई, तीही स्वयंपाकघरातली. आत्याला सेवाग्रामच्या रुग्णालयात हलवलं. ती वाचली, पण ते दुखणं तिने विनाकारण सोसलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

ते प्रमाणपत्र 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं होतं. धर्मादाय आयुक्त संस्थेचे हिशेब आणि मालमत्ता बघतात. रात्री रुग्णाजवळ कोण असतं, हे त्या कागदावरून कळत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी सरकारी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी वृद्धाश्रम चालवणाऱ्याची पात्रता मात्र त्यात ठरवलेली नाही. डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते संमत झालं नाही. अमेरिकेत नर्सिंग होमच्या प्रशासकाला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक कुणीही होऊ शकतो.

म्हणून माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, नळीने जेवत असेल, तर 1949च्या शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी मागा. आजारी, दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्या कायद्यात येते. तिथे पात्र डॉक्टर किंवा नर्सच्या हाती कारभार असावा लागतो आणि प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावं लागतं. ‘आमचा फक्त वृद्धाश्रम आहे’ असं उत्तर आलं, तर तिथे अंथरुणावरचा माणूस ठेवू नका. शंका असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा, तक्रारही तिथेच लेखी द्या आणि पोच घ्या. 2007च्या कायद्याखालचं उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण मुलांकडून पोटगी मिळवून देतं. वृद्धाश्रमाच्या हलगर्जीसाठी ते नाही. कुठे जावं कळेनासं झालं तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

पैसे भरण्याआधी एकदा रात्री नऊनंतर जाऊन या. कोण जागं आहे, त्या माणसाचं शिक्षण काय, औषधांची वही कुठे, कूस कधी बदलली याची नोंद आहे का, हे विचारा. त्रास वाढल्यास कोणत्या दवाखान्यात नेणार आणि अनामत कधी परत मिळणार, हे करारात लिहून घ्या. ठेवल्यानंतर दर भेटीत पाठ, टाचा आणि कंबर कपडे सरकवून बघा. बघू देत नसतील, तर अनामत बुडाली तरी चालेल, माणसाला त्याच दिवशी तिथून हलवा.