किजाबेच्या वसतिगृहातून

नैरोबीच्या वायव्येला, ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर, सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर किजाबे आहे. समोर खोल दरी आणि लोंगोनोट ज्वालामुखीचा डोंगर, मागे जंगल आणि सतत वारा. आफ्रिका इनलँड मिशनने १९०६ मध्ये इथे मिशनरींच्या मुलांसाठी रिफ्ट व्हॅली अकॅडमी सुरू केली. जुन्या इमारतीची कोनशिला १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली. आईवडील दक्षिण सुदान, चाड, कांगो, टांझानियात दवाखाने चालवतात, बायबलचं भाषांतर करतात, मंडळ्या (चर्च) उभ्या करतात; मुलं इथे राहून शिकतात. तीन महिने शाळा, मग महिनाभर घर, असं वर्षातून तीनदा. मुलींच्या वसतिगृहात मी सहायक होते. वसतिगृहाची जबाबदारी एका जोडप्याकडे आणि त्यांच्या हाताखाली मी. मुली मला आँटी म्हणत.

नगर-पुण्याच्या मंडळ्यांमधून कुणी अशा कामाला निघालं की मला फोन येतो. त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

१. रडणाऱ्या मुलीला आधी रडू द्या

टर्मच्या पहिल्या आठवड्यात, दिवे मालवल्यावर, कुणीतरी रडतंच. बारा-तेरा वर्षांची मुलगी उशीत तोंड खुपसून रडते आणि सकाळी विचारलं तर सर्दी झाली म्हणते. या लपवण्यामागे तिचा एक हिशेब असतो. आईबाबा देवाचं काम करताहेत. मी इथे राहते म्हणून ते तिथे राहू शकतात. मी रडले तर त्यांना ते काम सोडावं लागेल आणि दोष माझ्या माथी येईल. हा हिशेब तिला मुद्दाम कुणी शिकवलेला नसतो. घरातल्या आणि मंडळीतल्या बोलण्यातून तो तिचा तिनेच मांडलेला असतो.

अशा वेळी ‘प्रभू तुझ्याबरोबर आहे’ म्हणणं फार सोपं असतं. मी विश्वासणारी आहे, ते वाक्य मला मनापासून खरं वाटतं. तरीही ते पहिलं वाक्य असू नये. पाचारण आईवडिलांना झालं, मुलीला कुणी विचारलेलं नव्हतं. तिचं दुःख ऐकून घेणारं माणूस आधी हवं. प्रार्थना तिने मागितली तर करावी आणि तिची तक्रारही त्या प्रार्थनेत जशीच्या तशी देवापुढे ठेवावी. स्तोत्रकर्त्यांनी हेच केलं आहे.

मी यावर अडून बसते त्याला इतिहास आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये मामू इथे मिशनरींच्या मुलांची अशीच एक निवासी शाळा होती. तिथे वर्षानुवर्षं मुलांचा छळ झाला. घरी जाणारी पत्रं मोठी माणसं वाचत, आणि तक्रार केलीत तर आईवडिलांच्या सेवेत अडथळा येईल असं मुलांच्या मनावर बिंबवलं जाई. शाळा १९७१ मध्ये बंद झाली. ती मुलं मोठी होऊन बोलत राहिली तेव्हा कुठे १९९०च्या दशकात स्वतंत्र चौकशी आयोग बसला आणि त्याने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. २००८ चा ‘ऑल गॉड्स चिल्ड्रेन’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. वसतिगृहात पाऊल ठेवण्याआधी तो बघावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भक्तीचे शब्द वापरून मुलाला गप्प करता येतं, ही गोष्ट आपल्या प्रत्येकीला माहीत असली पाहिजे.

२. ताप आला की आधी मलेरियाची तपासणी

किजाबे थंड आहे, डासांचा त्रास नाही, म्हणून नवं माणूस गाफील राहतं. पण सुट्टीहून मुली कांगो, दक्षिण सुदान, चाडच्या उष्ण भागांतून परत येतात आणि मलेरिया शरीरात आधीच शिरलेला असू शकतो. टर्मच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, अंगदुखी, उलटी यांपैकी काहीही दिसलं तर ‘हवाबदल असेल’ म्हणत बसायचं नाही. मिशनचं रुग्णालय जवळच आहे. रात्र असली तरी जायचं.

३. बोलणं हात कामात असताना निघतं

‘ये, बस, काय झालं सांग’ म्हटलं की मुली गप्प होतात. शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली की त्या आपोआप ओट्याभोवती जमत. केनियात चपाती घरोघरी आवडीने खाल्ली जाते. तिथली जाड, तेल लावून थर सुटलेली असते. आमच्या ओट्यावर दोन्ही प्रकार होत. लाटणं हातात असताना मुलगी समोर बघत नाही, पोळपाटाकडे बघते, आणि मग जे आठवडाभर अडून राहिलेलं असतं ते बोलते. कोण जेवायला एकटं बसतंय, कोण जेवतच नाहीये, कुणाच्या आईच्या आवाजात गेल्या फोनवर काहीतरी वेगळं होतं, हे सगळं मला तिथेच कळलं.

तेच चहाचं. दुधात उकळलेला गोड केनियन चहा आणि गरम मंदाझी, म्हणजे तळलेले गोड वडे. या वेळा कामाच्या यादीत कुठेच नसतात. यादीत खोल्यांची पाहणी, अभ्यासाचा तास, धुण्याचे वार, हजेरी असते. ते सगळं नीट करायचंच. पण तुमची खरी गरज ज्या वेळी आहे ती वेळ वेळापत्रकात शोधू नका.

४. आईच्या बातम्या आईकडेच जाऊ द्या

मुलीला पहिल्यांदा पाळी येते, ती परीक्षेत नापास होते, कुणावर तरी तिचा जीव जडतो. हे सगळं ती आधी तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर असता. त्याचा आनंद होतो, आणि तिथेच सावध व्हायला हवं. मी दर वेळी विचारत असे, ‘आईला कधी सांगतेस? आता फोन लावूया का?’ फोन लागेपर्यंत तिच्याजवळ बसायचं आणि लागला की खोलीबाहेर जायचं. आई तिची तिकडेच आहे, आणि वसतिगृह संपल्यावरही तीच असणार आहे.

भाषेचंही इथेच सांगते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि मुलींमध्ये कोरियन बऱ्याच. काही वर्षांत त्या आईशी फोनवर बोलतानाही निम्मं इंग्रजी बोलू लागतात; आजीशी बोलताना अडखळतात. मी त्यांना कोरियनमधून दैनंदिनी लिहायला, आजीला हाताने पत्र लिहायला लावत असे. दोन कोरियन मुली आपसांत बोलताना कुणी ‘इंग्रजीत बोला’ म्हणालं की मी मध्ये पडत असे. मी स्वतः परक्या देशात मराठीतून प्रार्थना करते. ज्या भाषेत देवाशी बोलायला शिकलो ती भाषा मुलीकडून हिरावून घेण्याचा अधिकार कुठल्याही शाळेला नाही.

५. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका

२०१६ च्या जुलैमध्ये सुट्टी तोंडावर होती, मुलींनी बॅगा भरायला काढल्या होत्या, आणि दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, लढाई पेटली. ज्यांचं घर तिथे होतं त्यांना पहिले काही दिवस आईवडील सुखरूप आहेत की नाहीत, ते शहराबाहेर पडलेत की नाहीत, याचीच वाट बघावी लागली. मोठ्या माणसांना कळत नव्हतं तिथे मी ‘ठीक होईल’ कशाच्या जोरावर म्हणणार?

त्या दिवसांत मला एक गोष्ट उपयोगी पडली. ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, मुलीला बोलावून जेवढं खात्रीने कळलं आहे तेवढं सांगायचं. काही कळलं नसेल तर तेही त्याच वेळी सांगायचं. मग ती दिवसभर मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसत नाही. आईवडील बाहेर पडल्यावरही दुःख संपत नाही. घर, कुत्रा, भिंतीवरची चित्रं, घरात काम करणाऱ्या मावशी सगळं मागे राहिलेलं असतं. ‘जीव वाचले, देवाचे आभार मान’ हे खरंच आहे, पण कुत्र्यासाठी रडायचा तिला हक्क आहे.

६. निरोपाची तयारी महिने आधी सुरू करा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ यूसीम आणि जॉन यूसीम १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होते. परदेशात वाढणाऱ्या अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ हे नाव रूथबाईंनी दिलं. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी निरोपासाठी चार कामं सांगितली: भांडणं मिटवणं, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं बोलून दाखवणं, माणसांचा आणि जागांचाही निरोप घेणं, आणि पुढच्या ठिकाणाचा वास्तव विचार करणं.

बारावीच्या मुलींकडून मी ही चारही कामं करून घेत असे, आणि पहिल्यावर सर्वांत जास्त वेळ देत असे. इतर गावांतल्या मुलींना शाळा संपल्यावर भांडलेली मैत्रीण बाजारात भेटते. इथली मैत्रीण दुसऱ्या खंडात जाते, पुन्हा दिसेलच असं नाही. शिवाय पासपोर्टवर ज्या देशाचं नाव आहे तिथे ती सलग कधी राहिलेलीच नसते. तिकडचे लोक तिला ‘घरी परत आलीस’ म्हणतात, तेव्हा तिचं घर नुकतंच सुटलेलं असतं. हे तिच्या मामा-काकांना आधी पत्राने कळवून ठेवलेलं बरं.

७. शाळेच्या कुंपणाबाहेरही किजाबे आहे

मिशनच्या आवारात इंग्रजी बोलत वर्षं काढता येतात. तसं करू नका. स्वयंपाकघरातल्या, धुलाईतल्या बायका, रात्रीचे पहारेकरी यांचं हे गाव आहे. मिशनरी येतात-जातात, ते इथेच असतात, आणि कित्येकदा एखाद्या मुलीला तिच्या बालपणापासून ओळखणारं तेच एक माणूस उरलेलं असतं. स्वाहिली शिका, त्यांच्या मंडळीत उपासनेला जा, त्यांच्या घरी लग्नाला, मयताला जा.

८. जायच्या आधी विचारायच्या गोष्टी

अशा कामाला बहुधा पगार नसतो. आपल्या मंडळ्यांनी आणि नातलगांनी दरमहा दिलेल्या देणगीवर राहायचं असतं. किती रक्कम लागेल ते लेखी मागा. केनियात मिशनरींसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना असतो. तो कोण काढणार, आजारपणाचा विमा कोण भरणार, आठवड्यात पूर्ण सुट्टीचा दिवस कोणता, हे विचारा. आणि मुलांच्या संरक्षणाचं लेखी धोरण मागून घ्या. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी होते का? मुलीशी एकटं बोलताना दार उघडं ठेवायचा नियम आहे का? तक्रार करायची तर मुलीला शाळेबाहेरचा कोणता माणूस ठाऊक आहे, आणि त्याला फोन करायला तिला परवानगी लागते का? ‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहतो, इथे तसल्या नियमांची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं, तर त्या शाळेत जाऊ नका, आणि तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीला का ते स्पष्ट सांगा.