चिमटाच का?



परीक्षेत 'कथेतील पात्रांची नावे लिहा' असा प्रश्न आला की तुम्ही भराभर लिहिता. पण 'त्याने असे का केले?' असा प्रश्न आला की तुमचे पेन थांबते. मराठी ही आपली दुसरी भाषा आहे म्हणून असे होते, असे तुम्ही म्हणाल. मला ते पटत नाही. गोष्ट तुम्हाला समजलेली असते. ती कशी बांधली आहे हे पाहण्याची सवय नसते. ती सवय आज लावून घेऊ, आणि त्यासाठी तुमच्या ओळखीची गोष्ट घेऊ : प्रेमचंदांची 'ईदगाह'.

प्रेमचंदांचे (१८८०-१९३६) खरे नाव धनपतराय. सुरुवातीला ते उर्दूत 'नवाबराय' या नावाने लिहीत. १९०८ साली निघालेला त्यांचा 'सोज़े वतन' हा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. त्यानंतर त्यांनी 'प्रेमचंद' हे नाव घेतले. पुढे ते हिंदीतही लिहू लागले. म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणे त्यांनाही चुकले नव्हते!

गोष्ट थोडक्यात आठवा. रमजानचे तीस रोजे संपून ईद आली आहे. चार-पाच वर्षांचा हामिद गावातल्या मुलांबरोबर ईदगाहला निघतो. त्याला आईवडील नाहीत, फक्त दादी आहे, अमीना. खिशात तीन पैसे. मेळ्यात महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. मातीची ही खेळणी दोन-दोन पैशांची. मिठाईही आहे. हामिद मात्र लोखंडाच्या दुकानापाशी थांबतो आणि चिमटा घेतो, कारण तव्यावरची रोटी काढताना दादीची बोटे भाजतात.

जे घडते, आणि ज्या क्रमाने घडते, ते कथानक. जिथे आणि जेव्हा घडते, त्याला वातावरण म्हणतात. या दोन गोष्टी सोप्या आहेत, त्यांवर जास्त वेळ घालवायला नको.

खरा जीव आहे तो संघर्षात. वर्गात मी एकदा विचारले, "या गोष्टीत हामिदचे भांडण कोणाशी आहे?" एकाने सांगितले, "दुकानदाराशी." दुसरा म्हणाला, "मोहसिनशी, तो मिठाई दाखवून चिडवतो." दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत, पण मोठे भांडण हामिदच्या मनातच चालले आहे. जिभेला मिठाई हवी, हाताला खेळणे हवे, आणि डोळ्यांपुढे दादीची भाजलेली बोटे आहेत. पैसे किती? तीनच! समजा, लेखकाने त्याच्या खिशात एक रुपया घातला असता, तर त्याने मिठाई घेतली असती, खेळणे घेतले असते आणि चिमटाही घेतला असता. मग गोष्ट उरली असती का? पात्राला निवड करावी लागते आणि एकीकडे काहीतरी सोडावे लागते, तेव्हाच आपल्याला त्याचा स्वभाव कळतो. 'हामिद प्रेमळ आहे' असे नुसते लिहून ते कळले नसते.

आता निवेदक. गोष्ट सांगणारा तो निवेदक. 'ईदगाह' हामिद सांगत नाही. सांगणारा बाहेरचा आहे आणि त्याला सगळे ठाऊक आहे. हामिदला घरात सांगितलेले असते की अब्बा पैसे कमवायला गेलेत, अम्मी अल्लामियांच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. त्याला ते खरे वाटते. आपल्याला मात्र निवेदकाने खरे सांगून ठेवले आहे. म्हणून हामिद आशेने हसतो तेव्हा आपला गळा दाटतो. हीच गोष्ट हामिदने 'मी' म्हणून सांगितली असती, तर त्याला जे ठाऊक नाही ते त्याने आपल्याला कसे सांगितले असते?

इथून आपण व्याकरणाकडे वळू. घाबरू नका, गोष्ट सोडायची नाही.

'हामिद चिमटा घेतो.' येथे क्रियापद हामिदप्रमाणे चालते. 'सलमा चिमटा घेते' असे म्हटले की ते बदलते. हा कर्तरी प्रयोग. पण 'हामिदने चिमटा घेतला, हामिदने काठी घेतली, हामिदने खेळणे घेतले' या वाक्यांत क्रियापद हामिदकडे पाहत नाही, घेतलेल्या वस्तूकडे पाहते. हा कर्मणी प्रयोग. 'दादीने हामिदला जवळ घेतले' येथे ते कोणाकडेच पाहत नाही. हामिदच्या जागी सलमा ठेवा, 'घेतले' तसेच राहते. हा भावे प्रयोग.

उर्दूतही 'ने' आहे, म्हणून तुम्ही 'मीने चिमटा घेतला' असे लिहिता. मराठीत 'मी' आणि 'तू' यांना हा 'ने' लागत नाही. 'मी चिमटा घेतला', 'तू चिमटा घेतलास' असे लिहावे. गंमत अशी की, पुस्तकी उर्दूत 'मैं ने लिया' असले तरी आपल्या घरच्या दखनी बोलीत पुष्कळ जण 'मैं लिया' असेच म्हणतात. तेव्हा घरची बोली इथे मदतीला घ्या.

लिंगाकडेही लक्ष द्या. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'उंगली जली' पण 'बोट भाजले'. 'आंख भर आई' पण 'डोळा भरून आला'.

दखनीची आणखी एक मदत आहे. आपण घरात 'येइच होना' म्हणतो ना? तो 'च' मराठीचाच. आता पाहा : 'हामिदने चिमटा घेतला' ही नुसती बातमी झाली. 'हामिदने चिमटाच घेतला' म्हणजे बाकी सगळे सोडून दिले. 'हामिदनेच चिमटा घेतला' म्हणजे इतर कोणी घेतला नाही. वर सांगितलेला सगळा संघर्ष त्या एका अक्षरात मावतो.

शेवटी एका वहीतली गोष्ट सांगतो. आपल्या वडवणी भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. एका मुलीने निबंधात लिहिले होते : 'अम्मी-अब्बा कारखान्याला गेले. आपण दादीजवळ राहिलो. कोयत्याची खुंटी खाली आहे.'

मी लाल पेन उचलले. 'आपण' म्हटले की वाचणाराही त्यात येतो. पण मी तर तिच्या दादीजवळ राहिलो नव्हतो! तिथे 'आम्ही' हवे. उर्दूत दोन्हींसाठी 'हम' चालते, मराठीत चालत नाही. आणि 'खाली' म्हणजे मराठीत 'वर'च्या उलट. तिला म्हणायचे होते 'रिकामी'.

वाक्ये सुधारली : 'आम्ही दादीजवळ राहिलो. कोयत्याची खुंटी रिकामी आहे.' मग मी पेन खाली ठेवले. सहा महिने घर कसे असते, ते त्या खुंटीने सांगितले होते. चिमट्याने दादीची बोटे सांगितली, तसेच. मी तिला विचारले, "पुढे काय?" ती म्हणाली, "सर, दादी रोज संध्याकाळी त्या खुंटीवर कंदील टांगते." ते वाक्यही तिने लिहिले, आणि त्यात एकही चूक नव्हती.

स्वाध्याय

१. दादी आधी रागावते आणि मग रडते. या दोहोंच्या मध्ये हामिद काय सांगतो?

२. 'मी' हा निवेदक घेऊन मेळ्यातला प्रसंग पाच वाक्यांत लिहा. 'ने' सांभाळा.

३. 'आम्ही जेवलो' आणि 'आपण जेवलो' यांत ताटे कोणाकोणाची?

४. तुमच्या घरातील एक वस्तू निवडा. ती कोणाची आठवण देते हे न सांगता तिच्याविषयी सहा वाक्ये लिहा. एका वाक्यात 'च' योग्य जागी वापरा.