केसांना केस जोडण्याचा प्रश्न

दर आठवड्याच्या स्त्रियांच्या दर्समध्ये मागील महिन्यात एक भगिनी सर्वजणी उठून गेल्यावरही बसून राहिली. तिच्या मुलीला पावसाळ्यात टायफॉइड झाला होता. ताप उतरला, मुलगी हिंडू-फिरू लागली. पण दोन-अडीच महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागले. निकाह आधीच झालेला होता आणि रुखसती व वलीमा महिन्याभरावर आले होते. मुलीने मोबाइलवरून केस जोडण्याचे साहित्य मागवले होते. एका खोक्यात शंभर लांब बटा, मण्यांसारख्या बारीक कड्या, एक पक्कड आणि ओवण्याची सुई. हे सारे घरीच, आरशासमोर बसून लावायचे. मागच्या बटा आईने लावून द्यायच्या. "आपा, मी तिला मदत केली तर गुनाह होईल का?" एवढेच तिला विचारायचे होते.

हा प्रश्न ऐकून मी क्षणभर थांबले, कारण असाच प्रश्न एका आईने सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेत विचारला होता. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) यांची ती रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आली. तिच्या मुलीचे नुकतेच लग्न झाले होते, तिला गोवर निघाला आणि तिचे केस झडून गेले. तिला दुसरे केस जोडू का, असे त्या आईने विचारले. प्रेषितांनी (स.) उत्तरात सांगितले की, केस जोडणारी आणि जोडवून घेणारी या दोघींवर अल्लाहची लानत आहे. अरबीत पहिलीला 'वासिला' आणि दुसरीला 'मुस्तवसिला' म्हणतात. वासिला हे त्या काळी काही स्त्रियांचे कसबच होते. आज घरच्या घरी स्वतःच्या हाताने बटा लावणारी मुलगी या दोन्ही शब्दांत एकाच वेळी येते आणि मागच्या बटा लावून देणारी आई पहिल्या शब्दात. "पार्लरमध्ये गेलो नाही, घरीच केले" या सबबीने हुकमात काहीच फरक पडत नाही.

ही हदीस वाचताना प्रत्येक वेळी मन थबकते. विचारणारी नटव्या स्वभावाची बाई नव्हती. मुलगी आजारी होती, नवी नवरी होती, आईचे काळीज तुटत होते. प्रेषित (स.) रडणाऱ्या बाळाचा आवाज ऐकून नमाज आटोपती घेत, ते आईचे दुःख जाणत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही उत्तर इतके कठोर आले. तेव्हा या मनाईचे कारण नीट समजून घेतले पाहिजे.

बहुतेक जणी चटकन म्हणतात की, कारण फसवणूक हे आहे. नवऱ्याला खोटे केस खरे म्हणून दाखवले जातात. हे खरे आहे, पण एवढेच खरे नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून अशाच प्रसंगाची रिवायत आहे. एका अन्सारी मुलीचे लग्न झाले, तिचे केस गळाले आणि तिच्या आईने प्रेषितांना (स.) सांगितले की, केस जोडावेत असे खुद्द तिच्या पतीनेच मला सांगितले आहे. म्हणजे येथे पतीला सर्व ठाऊक होते, त्याची संमती होती, किंबहुना आग्रह होता. तरी उत्तर नकाराचेच आले. इमाम बुखारी यांनी ही हदीस निकाहच्या प्रकरणात, पत्नीने अल्लाहच्या अवज्ञेत पतीचे ऐकू नये या मथळ्याखाली घेतली आहे. तेव्हा "माझ्या मिस्टरांना चालते" हे उत्तर निदान मानवी केसांच्या बाबतीत पुरेसे नाही.

दुसरी एक घटना हजरत मुआविया (रजि.) यांची आहे. हजच्या वर्षी ते मदीनेत मिंबरवर उभे राहिले, एका पहारेकऱ्याच्या हातातून केसांचा झुबका घेतला आणि तुमचे उलमा कोठे आहेत, असा जाहीर सवाल केला. प्रेषितांनी (स.) या गोष्टीची मनाई केली होती आणि बनी इस्राईलच्या स्त्रियांनी ती अंगीकारली तेव्हा त्यांचा नाश झाला असे सांगितले होते, याचे त्यांनी स्मरण दिले. दुसऱ्या रिवायतीत प्रेषितांनी (स.) या प्रकाराला 'जूर', म्हणजे असत्य, बनावट असे नाव दिल्याचे ते सांगतात. सहीह मुस्लिममध्ये कतादा यांनी त्याचा खुलासा करताना केस दाट दिसावेत म्हणून स्त्रिया ज्या चिंध्या आत गुंफत, त्यांचाही उल्लेख केला आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत तर स्त्रीने डोक्याला काहीही जोडण्यास मनाई आली आहे.

येथूनच फुकहांमध्ये मतभेद सुरू होतो आणि तो आपल्या महाराष्ट्रात घराघरांत जाणवतो. कारण रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतांशी हनफी. मुंबईत तर सासर एका मसलकचे आणि माहेर दुसऱ्याचे, हेही नेहमीचेच.

एका गोष्टीवर मात्र चारही मसलकांचे बहुसंख्य उलमा एक आहेत: मानवी केस जोडणे निषिद्ध आहे. हनफी फुकहा याचे कारण फसवणुकीपुरते ठेवत नाहीत. माणूस सन्माननीय आहे, त्याच्या देहाचा भाग हा विकण्याचा वा वापरण्याचा माल नव्हे, असे ते म्हणतात. 'हिदाया'मध्ये मानवी केसांची विक्री याच कारणाने नाजायज ठरवली आहे. लोकरीसारख्या प्राण्यांच्या केसांना मात्र हनफींकडे मुभा आहे. इमाम मुहम्मद यांनी आपल्या 'मुवत्ता'त हजरत मुआविया यांची हदीस नोंदवून लोकर जोडण्यास हरकत नाही, पण मानवी केस जोडू नयेत, असे स्पष्ट केले आहे आणि हेच इमाम अबू हनीफा यांचे मत असल्याचे सांगितले आहे. ताबिईंपैकी सईद बिन जुबैर यांनीही वेणीत गुंफायच्या लोकरी-रेशमी धाग्यांना हरकत घेतली नाही.

शाफईंकडे हुकूम अधिक बारीक आहे. इमाम नववी लिहितात की, मानवी केस निषिद्धच. जो केस नापाक तोही निषिद्ध. प्राण्याचा पाक केस अविवाहितेला निषिद्ध आणि विवाहितेला, अधिक योग्य मतानुसार, पतीच्या परवानगीने जायज. मालिकी फुकहा जाबिर (रजि.) यांच्या हदीसच्या व्यापक शब्दांवर बोट ठेवून लोकरीलाही नकार देतात. हंबलींमध्ये केसाला केस जोडणे निषिद्ध आहे. केस बांधण्यापुरत्या धाग्याला मुभा आहे.

हे सगळे ऐकून ती भगिनी म्हणाली, "पण आपा, खोक्यातले केस कशाचे आहेत हे मला कसे कळणार?" खरा प्रश्न हाच होता. मी तिला खोका आणायला सांगितले. त्यावर 'शंभर टक्के रेमी ह्यूमन हेअर' असे छापले होते. 'रेमी' म्हणजे ज्यांची मुळाकडची आणि शेंड्याकडची बाजू एकाच दिशेने राखली आहे असे मानवी केस. आपल्या मुलींना हा शब्द एखाद्या कंपनीचे नाव वाटतो. 'व्हर्जिन हेअर' म्हणजेही मानवीच, फक्त रंग वा रसायन न लावलेले. याउलट 'सिंथेटिक', 'मोडॅक्रिलिक', 'कानेकॅलोन' असे लिहिले असेल तर तो कारखान्यात बनलेला तंतू. केराटिनचा गोंद तापत्या चिमट्याने वितळवून बट चिकटवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात बहुधा मानवी केसच असतात, कारण साधा कृत्रिम तंतू उष्णतेने मऊ पडून खराब होतो.

हे मानवी केस येतात कोठून? भारत हा त्यांचा मोठा पुरवठादार आहे. तिरुमला येथे भाविकांनी श्रद्धेने अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो. दुसरीकडे आपल्याच गावांत गल्लोगल्ली फिरून, फणीत अडकलेल्या केसांच्या गुंतवळीच्या बदल्यात भांडी वा फुगे देणारे लोक आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या गुंतवळी सुटवून, प्रतवारी लावून पुढे व्यापाऱ्यांकडे जातात. जिचे केस आहेत त्या स्त्रीला ते कोणाच्या डोक्यावर जाणार हे माहीत नसते आणि किमतीतला फारच थोडा वाटा तिच्या हाती पडतो. माणसाच्या देहाचा माल होऊ नये, या हनफी फुकहांच्या म्हणण्याचा अर्थ मला हा व्यापार पाहूनच अधिक उमगला.

मग कृत्रिम तंतूंचे काय? हनफी तत्त्वानुसार त्यांना लोकरीप्रमाणे मुभा आहे, मात्र कोणाची फसवणूक होता कामा नये. मुलगी पाहायला येणाऱ्यांसमोर दाट केसांचा देखावा उभा करणे ही फसवणूकच आहे; तेथे तंतू कशाचा हा प्रश्नच उरत नाही. शाफई घरातील मुलीने मात्र हुबेहूब केसांसारख्या दिसणाऱ्या तंतूंनाही इमाम नववींची वरील अट लागू धरावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते. आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आता तहारतचा मुद्दा. याकडे फारच कमी जणी लक्ष देतात. वुजूमध्ये मसह स्वतःच्या केसांवर किंवा डोक्याच्या कातडीवर व्हावा लागतो, जोडलेल्या बटेवर नव्हे. हनफींकडे डोक्याचा चौथा हिस्सा पुरतो, शाफईंकडे त्याहूनही थोडा भाग. म्हणून पुढचे केस मोकळे असतील तर वुजूत सहसा अडचण येत नाही. गुस्लची गोष्ट वेगळी आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना जनाबतच्या गुस्लसाठी घट्ट वेण्या सोडण्याची सक्ती नसल्याचे सांगण्यात आले, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घेणे पुरेसे ठरले. पण ती सवलत स्वतःच्या गुंफलेल्या केसांना आहे आणि मुळांपर्यंत पाणी पोहोचणे तेथेही आवश्यकच आहे. बट चिकटवली जाते ती मुळापासून साधारण एक सेंटिमीटरवर. गोंदाखाली दडलेल्या केसाला पाणी लागत नाही आणि हा गोंद दोन-तीन महिने तसाच राहतो. मोकळे केस पूर्ण भिजलेच पाहिजेत, हे ध्यानात घेतले तर गोंदाची पद्धत मला कोणत्याही तंतूसाठी योग्य वाटत नाही. रात्री काढून ठेवता येणाऱ्या चापांच्या बटांना ही अडचण नाही.

ज्या भगिनीने अजाणतेपणी बटा लावून घेतल्या असतील तिने घाबरून त्या ओढून काढू नयेत. कडी पक्कडीने दाबून सैल करावी. गोंद विरघळवण्याचे द्रावण वेगळे मिळते, ते लावून, थांबून, हलक्या हाताने बट सरकवावी. तौबा करावी आणि गुस्लबाबत शंका असेल तर आलिमांकडून आपल्या नमाजांविषयी विचारून घ्यावे.

राहिला आजाराचा मुद्दा. अर्फजा (रजि.) यांचे नाक जाहिलियतच्या एका लढाईत कापले गेले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. या आधारावर काही समकालीन अरब उलमांनी, जिच्या डोक्यावर केसच राहिले नाहीत अशा स्त्रीला व्यंग झाकण्यासाठी टोप वापरण्याची मुभा दिली आहे. इतरांना गोवर झालेल्या मुलीची हदीस पाहता हे मान्य नाही. कर्करोगाच्या उपचारात सर्व केस गेलेल्या भगिनीने कृत्रिम तंतूंचा टोप घातला, तर तिला दोष देण्याची माझी हिंमत होणार नाही. औषधोपचाराला तर कोणाचाच विरोध नाही. बनी इस्राईलमधील तिघांच्या हदीसमध्ये टकल्या माणसाने सुंदर केस मागितले आणि त्याला ते मिळाले. मागणे वाईट ठरले नाही.

त्या मुलीला मी आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सांगितले ते असे: मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात, मुळे मेलेली नसतात आणि बहुतेकींचे केस काही महिन्यांत पुन्हा येतात. उलट अशा नाजूक अवस्थेत जड बटा लटकवल्या तर ओढ बसून मुळेच दुखावतात आणि ती जागा कायमची विरळ होऊ शकते. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा झाला.

मग वलीम्याचे काय, हा प्रश्न उरलाच होता. जे केसांसारखे दिसतच नाही, त्या रंगीत रेशमी धाग्यांना मालिकी काजी इयाजही मनाईत धरत नाहीत. आमच्या आजीच्या काळी नवरीच्या वेणीत लाल-हिरव्या रेशमाचे लांब गोंडे गुंफत. पाहणाऱ्याला ते गोंडेच दिसत, केस नव्हेत. मी ते सुचवताच मुलगी प्रथम हसली, जुनाट म्हणाली. चार दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. खोका परत पाठवला होता, आणि गोंडे गुंफायला घरात कोणालाच येत नाही, तेव्हा आपा, शुक्रवारी अस्रनंतर याल का, असे ती विचारत होती.